पक्ष आधी, सिद्धता मागाहून

एम.एस्सी.च्या वर्गांना ॲनालिसिस, टोपॉलॉजी आणि बीजगणित शिकवण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं. या विषयांवरची पुस्तकं जाणत्या माणसांनी लिहिलेली असतात, त्यांच्या आवृत्त्या निघत राहतात, आणि तरीही त्यांत चुका असतात. चूक समोर आली की विद्यार्थी एकतर स्वतःवर संशय घेतो, नाहीतर पुस्तकावरचा विश्वासच सोडून देतो. दोन्हीत नुकसान त्याचंच आहे. "हे चूक आहे" एवढं म्हटलं की काम निम्मंच होतं. ते विधान कोणत्या अटीवर खरं ठरतं, हे शोधून लिहिलं तर दुरुस्ती झाली असं मी मानते. त्या दृष्टीने पुस्तकं वाचताना जे हाती लागलं, ते इथे मांडते.

१. चूक ठरवण्याआधी पुस्तकाचे संकेत पाहा.

दर वर्षी कुणीतरी उत्साहाने वही घेऊन येतं. "मॅडम, मागे दिलेलं उत्तर चुकलंय." क्रमचयांचा गुणाकार असतो: (१ २)(२ ३). मुलाचं उत्तर (१ २ ३), पुस्तकाचं (१ ३ २). दोन्ही बरोबर आहेत. मुलाने उजवीकडून डावीकडे गुणाकार केला, लेखकाने डावीकडून उजवीकडे. आणि तसं तो करणार हे त्याने सुरुवातीच्या प्रकरणातच सांगून ठेवलेलं असतं.

असे संकेत पुस्तकागणिक बदलतात. नैसर्गिक संख्यांत शून्य धरायचं की नाही, रिंगला १ हा घटक असलाच पाहिजे की नाही, 'वाढतं फलन' म्हटल्यावर मध्ये सपाट तुकडा चालतो की नाही. बूर्बाकीच्या परंपरेतली पुस्तकं 'कॉम्पॅक्ट' म्हणतात तेव्हा त्यात हाउसडॉर्फ असणं धरलेलं असतं. आपल्याकडे लावलेल्या बहुतेक पुस्तकांत नसतं. एका पुस्तकातलं प्रमेय दुसऱ्याच्या व्याख्येने तपासलं तर हमखास खोटी चूक सापडते. माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथेच मिटल्या.

२. सगळ्यात लहान उदाहरण सगळ्यात आधी.

नवं विधान वाचलं की त्यात रिक्त संच घाला, एकाच बिंदूचा अवकाश घाला, एन = १ ठेवा, शून्य रिंग घाला. याला दोन मिनिटं लागतात. याच यादीत डिस्क्रीट मेट्रिक हवंच: दोन वेगळ्या बिंदूंमधलं अंतर नेहमी १, स्वतःपासूनचं ०.

आता हे विधान पाहा. "मेट्रिक स्पेसमध्ये ओपन बॉलचं क्लोजर म्हणजे त्याच केंद्राचा आणि त्याच त्रिज्येचा क्लोज्ड बॉल." हे मी छापील नोट्समध्ये वाचलेलं आहे. चित्र काढलं तर विधान पटतं, कारण चित्र आपण नेहमी कागदाच्या सपाट पृष्ठभागावर काढतो. पण डिस्क्रीट मेट्रिकमध्ये त्रिज्या १ घ्या. ओपन बॉलमध्ये फक्त केंद्र उरतं, कारण बाकी सगळे बिंदू बरोबर १ अंतरावर आहेत. एका बिंदूचं क्लोजर तो बिंदूच. क्लोज्ड बॉल मात्र अख्खा अवकाश. निदान दोन बिंदू असले की विधान कोसळलं.

इथे थांबू नये. विधान कुठे खरं आहे? नॉर्म्ड लिनिअर स्पेसमध्ये. तिथे काठावरच्या बिंदूपासून केंद्राकडे रेषाखंड काढता येतो आणि त्या रेषाखंडावरून सरकत काठाच्या हव्या तितकं जवळ आतून जाता येतं. मेट्रिक स्पेसमध्ये रेषाखंडच नाही, म्हणून सिद्धता अडते. आणि तिथेही एक बाजू सगळीकडे खरी राहते: क्लोजर हे क्लोज्ड बॉलच्या आतच असतं. एका चुकीच्या ओळीतून अशा तीन खऱ्या ओळी निघाल्या. विद्यार्थ्याला या तिन्ही मिळाल्या पाहिजेत.

३. सिद्धतेपेक्षा पक्षात चुका जास्त असतात.

शाळेत भूमितीचं प्रमेय लिहिताना आपण पक्ष, साध्य, सिद्धता असा क्रम पाळायचो. पुढे पक्ष वाचायची सवय सुटते आणि नजर थेट सिद्धतेवर जाते. पाठ्यपुस्तकातल्या गंभीर चुकांपैकी बहुसंख्य चुका मला पक्षात सापडल्या आहेत. एखादी अट राहून गेलेली असते.

याचं फार जुनं उदाहरण आपल्या परंपरेतलं आहे. चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ काढण्याचं ब्रह्मगुप्ताचं सूत्र ६२८ सालच्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त येतं. अर्धपरिमितीतून एकेक बाजू वजा करा, चारही वजाबाक्या गुणा, वर्गमूळ घ्या. चौकोन चक्रीय असला तर सूत्र अचूक आहे. श्लोकात ती अट उघडपणे येत नाही. ११५० च्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी नेमकं इथे बोट ठेवलं. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. बाजू त्याच, आणि सूत्र दर वेळी ६२५ हेच उत्तर देतं. ते उत्तर फक्त चौरसाला लागू पडतं. चारच बाजू देऊन कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी पिशाच म्हटलं आहे, आणि उत्तर देणाऱ्याचीही गय केलेली नाही. भाषा कडक आहे. पण प्रश्नात माहिती अपुरी आहे हे दाखवायला एवढं पुरेसं उदाहरण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. आपल्या भागात प्रतिउदाहरणाची शिकवण इतकी जुनी आहे.

आता लोपितालचा नियम घेऊ. बी.एस्सी.पासून सगळे वापरतात: एफ भागिले जी याचं लिमिट हवं असेल, दोन्ही अनंताकडे जात असतील, तर दोघांचे डेरिव्हेटिव्ह घ्या आणि त्यांच्या भागाकाराचं लिमिट काढा. जीचा डेरिव्हेटिव्ह शेवटी शेवटी शून्य होता कामा नये, ही अट बऱ्याच पुस्तकांत आणि जवळजवळ सगळ्या गाईडांत गळते. ऑस्ट्रियन गणिती ओटो श्टोल्झ यांनी १८७९ मध्येच दाखवलं होतं की ती गाळता येत नाही. एफ म्हणजे 'क्ष अधिक साइन क्ष गुणिले कॉस क्ष' घ्या. जी म्हणजे तेच फलन, पण 'ई'च्या 'साइन क्ष' या घाताने गुणलेलं. क्ष अनंताकडे जाताना दोन्ही अनंताकडे जातात. एफ भागिले जी हा 'ई'चा 'उणे साइन क्ष' घात उरतो. तो सतत हेलकावे खातो, त्याला लिमिट नाही. आता डेरिव्हेटिव्ह घ्या. वर कॉस क्षचा वर्ग येतो, खालीही एक कॉस क्ष बाहेर पडतो. तो दोन्हीकडून काटला की उरलेला भागाकार शून्याकडे जातो. नियम म्हणतो लिमिट शून्य, वास्तवात लिमिटच नाही. घोटाळा त्या काटण्यात आहे: कॉस क्ष कितीही पुढे गेलं तरी पुन्हा पुन्हा शून्य होतो, आणि तिथे जीचा डेरिव्हेटिव्हही शून्य असतो.

हे मी वर्गात फळ्यावर पूर्ण करून दाखवते, वेळ गेला तरी. सिद्धतेत कॉशीचं मध्यममूल्य प्रमेय वापरताना जीच्या डेरिव्हेटिव्हने भागलेलं असतं, ती ओळ मग मुलं स्वतःच शोधून काढतात. अट आणि सिद्धतेतली जागा यांची जोडी लावली की ती अट विसरली जात नाही. प्रत्येक अटीसाठी विचारावं, "ही कुठे वापरली?" अट वापरलेलीच नसेल तर ती फालतू असेल किंवा सिद्धतेत भोक असेल. उलट, सिद्धतेत वापरलेली गोष्ट पक्षात सापडली नाही, तर चूक तुमच्या हाती आली.

४. व्याख्याही चुकीची असू शकते.

मुलांना हे पटायला वेळ लागतो. व्याख्या म्हणजे लेखकाची मर्जी, ती चुकणार कशी? फ्रान्समधलं सेरे यांचं कॅल्क्युलसचं पाठ्यपुस्तक एकोणिसाव्या शतकात खूप चालायचं. त्यात वक्र पृष्ठाच्या क्षेत्रफळाची व्याख्या वक्राच्या लांबीच्या धर्तीवर केली होती: पृष्ठावर बिंदू घ्या, त्यांच्यावर त्रिकोणांची आकृती बसवा, त्रिकोण लहान करत न्या, क्षेत्रफळाचं लिमिट घ्या.

१८८० च्या सुमारास हेर्मान श्वार्त्झ यांनी साध्या वृत्तचितीवर हे तपासलं. चितीचे आडवे पट्टे पाडा, प्रत्येक वर्तुळावर ठरावीक समान बिंदू घ्या, एकाआड एक वर्तुळ अर्ध्या घराने फिरवा आणि त्रिकोण जोडा. बिंदू आणि पट्टे सारख्याच संख्येने वाढवले तर उत्तर बरोबर येतं. पट्ट्यांची संख्या बिंदूंच्या संख्येच्या वर्गाइतकी ठेवली तर लिमिट येतं, पण चुकीचं; त्रिज्या १ आणि उंची १ असेल तर ते खऱ्या क्षेत्रफळाच्या सुमारे पाचपट येतं. घनाइतकी ठेवली तर क्षेत्रफळ अनंताकडे जातं. त्रिकोण लहान होतात, बिंदू सगळे चितीवरच असतात, पण त्रिकोण पृष्ठाला समांतर न राहता आडवे पडत जातात, जणू पंख्याच्या घड्या. तूरिनमध्ये तरुण पेआनो यांनाही हीच गोष्ट स्वतंत्रपणे दिसली होती. सेरेंची व्याख्या एकच एक उत्तर देतच नव्हती. म्हणून व्याख्या वाचताना "हे दर वेळी एकच येतं ना?" असं विचारून पाहावं. कोसेटवर फलन ठरवताना प्रतिनिधी बदलून पाहतात, तो हाच प्रश्न.

५. "उघड आहे" लिहिलं असेल तिथे पेन्सिल थांबवा.

१९०५ मध्ये लबेग यांनी एका शोधनिबंधात असं गृहीत धरलं की प्रतलातल्या बोरेल संचाची रेषेवर पडणारी सावली, म्हणजे प्रोजेक्शन, बोरेलच असते. दहाएक वर्षांनी मॉस्कोत लुझिन यांचा तरुण विद्यार्थी मिखाईल सुस्लिन तो निबंध बारकाईने वाचत होता. घटत्या संचांच्या छेदाचं प्रोजेक्शन म्हणजे प्रोजेक्शनांचा छेद, असं तिथे सहज मानलेलं त्याला आढळलं. त्याची तपासणी कुणालाही करता येईल. प्रतलात 'उंची एनपेक्षा जास्त' असे संच घ्या, एन वाढवत न्या. प्रत्येकाचं प्रोजेक्शन अख्खी रेषा. सगळ्यांचा छेद रिकामा, त्याचं प्रोजेक्शनही रिकामं.

सुस्लिनने चूक दाखवली आणि प्रोजेक्शनातून येणारे संच कसे असतात, हे शोधायला घेतलं. १९१७ मध्ये त्याचा निबंध आला. त्यातून ॲनॅलिटिक संचांचा सिद्धांत उभा राहिला. १९१९ मध्ये तो गेला, ऐन तरुणपणी. पुढे १९३० मध्ये लुझिन यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना लबेग यांनी आपल्या या चुकीचा आणि तिच्यातून काय निघालं याचा मोकळेपणाने उल्लेख केला. मला लबेग त्यासाठी विशेष मोठे वाटतात.

"उघड आहे", "तसेच सिद्ध करता येते", "वाचकाने पडताळावे" या तीन जागा मी विद्यार्थ्यांकडून वहीत पूर्ण करून घेते.

६. दोन पुस्तकांत सारखंच आहे, हा पुरावा नव्हे.

एका पुस्तकातली चूक दुसऱ्यात, तिथून गाईडमध्ये, तिथून झेरॉक्स नोट्समध्ये जाते. स्वाध्यायांत तर हे फार, कारण स्वाध्याय सोडवून पाहणारे कमी. एखादा "सिद्ध करा" कितीही झगडून सुटत नसेल, तर तो खोटा ठरवण्याचा प्रयत्न करून बघावा. खरा असेल तर त्या प्रयत्नात नेमकं काय आड येतं ते दिसतं आणि सिद्धता मिळते.

मोठं नावही पुरावा नाही. संतत फलनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीज संततच असते, असं कॉशी यांनी १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात प्रमेय म्हणून दिलं होतं. १८२६ मध्ये आबेल यांनी तळटीपेत साइनची एक श्रेणी देऊन प्रमेयाला अपवाद असल्याचं लिहिलं. युनिफॉर्म कन्व्हर्जन्सची अट स्पष्ट व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. आज तीच आपण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शिकवतो.

७. चुकीचा प्रकार ओळखा.

मुद्रणदोष वेगळा, सिद्धता चुकणं वेगळं, प्रमेयच खोटं असणं वेगळं. गळलेला प्राइम, उलटलेलं असमानतेचं चिन्ह, एनच्या जागी एम: पेन्सिलने दुरुस्त करा आणि पुढे चला. सिद्धता चुकली म्हणून प्रमेय खोटं ठरत नाही. चार रंगांच्या प्रमेयाची केंप यांनी १८७९ मध्ये दिलेली सिद्धता अकरा वर्षं मान्य होती. १८९० मध्ये हीवुड यांनी तिच्यातली फट दाखवली, आणि त्याच निबंधात केंप यांची युक्ती वापरून पाच रंग पुरतात हे पक्कं सिद्ध केलं. चार रंगांचं प्रमेय खरं निघालं, पण १९७६ मध्ये, संगणकाच्या मदतीने.

८. लेखकाला लिहा, पण नीट लिहा.

आधी लेखकाची शुद्धिपत्रं पाहा. तुम्हाला सापडलेली चूक तिथे आधीच असू शकते. मग आवृत्ती आणि मुद्रण लिहा. बऱ्याच परदेशी पुस्तकांत हक्कपानावर आकड्यांची एक ओळ असते, तिच्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे तुमच्या प्रतीचं मुद्रण. भारतीय आवृत्तीची पानं कधीकधी वेगळी पडतात, म्हणून पानाबरोबर प्रमेयाचा क्रमांक द्या. माझ्या पत्रातला मजकूर साधारण असा असतो:

"खालून चौथी ओळ. छापलेलं: समजा एक्स मेट्रिक स्पेस आहे. हवं: समजा एक्स नॉर्म्ड लिनिअर स्पेस आहे. कारण: डिस्क्रीट मेट्रिक, त्रिज्या १."

एवढं पुरतं. चांगले लेखक अशा पत्रांचं स्वागत करतात. डोनाल्ड क्नुथ 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'मधली चूक पहिल्यांदा कळवणाऱ्याला २.५६ डॉलरचा धनादेश द्यायचे. २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पायात शंभर. लोक ते धनादेश वटवण्याऐवजी चौकटीत लावायचे. २००८ पासून खऱ्या धनादेशाऐवजी ते प्रमाणपत्र पाठवतात. ग्रंथालयाच्या प्रतीवर मात्र शाईने काही लिहू नये, पानात चिठ्ठी ठेवावी.

९. परीक्षेतली चूक सगळ्यात महाग पडते.

दुसऱ्या मुद्द्यातलं ते ओपन बॉलचं विधान एका विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत "सिद्ध करा" म्हणून आलं होतं, नोट्समधून जसंच्या तसं उचललेलं. एका मुलीने डिस्क्रीट मेट्रिकचं उदाहरण देऊन विधान खोटं असल्याचं लिहिलं आणि तिला शून्य गुण मिळाले. ज्यांनी खोट्या विधानाची सिद्धता लिहिली, त्यांना पूर्ण गुण. आम्ही पानभर निवेदन दिलं. निर्णय बदलला, पण तोवर पुढचं सत्र सुरू झालं होतं, आणि तिचा प्रवेशाचा एक अर्ज हुकला तो हुकलाच. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुस्तकातून किंवा नोट्समधून घेतलेला प्रत्येक "सिद्ध करा" आधी स्वतः सोडवून पाहा, त्यात डिस्क्रीट मेट्रिक आणि एन = १ घालून पाहा, आणि आदर्श उत्तरपत्रिकेत ही ओळ छापून घ्या: विधान चुकीचं असल्यास, योग्य प्रतिउदाहरणाला पूर्ण गुण द्यावेत.